साडेनऊ वर्षांच्या लॅब्रॅडॉरचा आहार कसा ठरवावा? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही मुलुंडला राहतो. आमच्याकडे बंड्या नावाचा, नसबंदी झालेला लॅब्रॅडॉर आहे. त्याचे वय साडेनऊ वर्षे असून वजन 39 किलो आहे, आणि आमच्या पशुवैद्यांच्या मते ते 33 किलोच्या आसपास असायला हवे. मागच्या पायांच्या सांध्यांची झीज एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसते. रक्त आणि लघवीच्या तपासणीत मूत्रपिंड, यकृत व थायरॉइड ठीक असल्याचे आढळले. थायरॉइडची तपासणी मुद्दाम करून घेतली, कारण त्याचा स्राव कमी झाला तरी या वयात कुत्र्यांचे वजन वाढते. आता प्रश्न केवळ खाण्याचा उरला आहे.

हिशेब मांडला तेव्हा चित्र असे दिसले. त्याला दिवसाला 350 ग्रॅम कोरडे डॉग फूड मिळते आणि पिशवीवर 100 ग्रॅमला 360 किलोकॅलरी असे छापलेले आहे, म्हणजे 1260 किलोकॅलरी तिथेच झाल्या. त्यावर आईच्या हातच्या तुपाच्या तीन पोळ्या आणि बाबांच्या चहाबरोबरची बिस्किटे धरली, तर आकडा 1600च्या पुढे जातो. वजन उतरवण्यासाठी पशुवैद्यांनी सांगितलेले सूत्र असे: अपेक्षित वजनाचा 0.75 घात काढून त्याला 70 ने गुणायचे. 33 किलोसाठी हे उत्तर दिवसाला सुमारे 965 किलोकॅलरी येते. अंतर मोठे आहे, हे मान्य.

खरी अडचण पुढे आहे. दुकानात ‘सीनियर’ लिहिलेल्या ज्या पिशव्या पाहिल्या त्यांपैकी एकीत प्रथिने 22 टक्के होती, तर दुसरीत 28. ‘म्हातारपणी प्रथिने कमीच द्यावीत, नाहीतर किडनीवर ताण येतो’, असे दुकानदार ठामपणे सांगतात आणि सोसायटीतले इतर श्वानपालकही तेच म्हणतात. पशुवैद्यांनी मात्र मूत्रपिंड ठीक असल्यामुळे प्रथिने तोडू नका, असे सांगितले, पण पुढच्या रुग्णाच्या घाईत सविस्तर बोलणे झाले नाही. याशिवाय धान्यविरहित खाणे घ्यावे का, आणि कोरडे खाणे पूर्ण बंद करून घरी शिजवलेले चिकन-भात द्यावे का, हेही ठरत नाही. आमच्या घरी श्रावणात सामिष शिजत नाही, त्यामुळे जो मार्ग निवडू तो बाराही महिने चालणारा हवा. ज्यांनी मोठ्या जातीच्या कुत्र्याचे म्हातारपण सांभाळले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

मी पशुवैद्य नाही, परंतु आमच्या जर्मन शेफर्डच्या निमित्ताने या विषयाचा बराच अभ्यास करावा लागला. तुमच्या पशुवैद्यांचे म्हणणे बरोबर आहे. प्रथिनांवर, आणि त्याहून अधिक फॉस्फरसवर, बंधन येते ते मूत्रपिंडाचा विकार असताना. निरोगी वृद्ध कुत्र्याचे स्नायू वयाबरोबर आपोआप झिजत असतात, आणि त्यात प्रथिने कमी केली तर दुखऱ्या सांध्यांना आधार देणारे स्नायूच आधी जातात. तुमच्याच आकड्यांवर पाहा. 965 किलोकॅलरींसाठी तेच खाणे साधारण 268 ग्रॅम द्यावे लागेल. त्यात 22 टक्क्यांच्या पिशवीतून 59 ग्रॅम प्रथिने मिळतील आणि 28 टक्क्यांच्या पिशवीतून 75 ग्रॅम. खाण्याचे प्रमाण घटवताना प्रथिनांचे प्रमाण वाढवावे लागते ते यासाठी. ‘सीनियर’ या शब्दावर फार विसंबू नका. पिशव्यांवर पशुखाद्याच्या ज्या अमेरिकी ‘आफ्को’ (AAFCO) मानकांचा उल्लेख असतो, त्यांत वृद्ध कुत्र्यांसाठी वेगळे निकषच नाहीत. वाढीचा काळ आणि प्रौढ वय एवढेच दोन विभाग आहेत. कॅलरी, प्रथिने आणि ‘संपूर्ण व संतुलित’ हे विधान, एवढे वाचावे.

वजनाबाबत तडजोड करू नका. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉरांवर पिल्लूपणापासून अखेरपर्यंत चाललेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीतल्या भावंडापेक्षा 25 टक्के कमी खाणाऱ्या कुत्र्यांचे मध्यक आयुष्य 13 वर्षे भरले, तर इतरांचे 11.2, शिवाय कमी खाणाऱ्यांना सांधेदुखीवरचे उपचारही उशिरा लागले. बंड्या सतत खायला मागत असेल तर त्यालाही कारण असू शकते: सुमारे पाव लॅब्रॅडॉरांत ‘पॉम्क’ जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे भूक अधिक लागते, असे केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले. तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे पाहून वाढू नये, तराजूकडे पाहून वाढावे.

धान्यविरहित खाण्याच्या वाटेला जाऊ नका, असे माझे मत आहे. डाळी-वाटाण्यांचा भरणा असलेल्या अशा खाण्यांचा हृदयाच्या स्नायूंच्या विकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये जाहीर केली होती. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, पण धान्याची ॲलर्जी नसताना जास्त पैसे मोजून ती जोखीम घ्यायची कशाला? नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम फारच कमी आणि फॉस्फरस जास्त असतो. पूर्ण घरचेच द्यायचे ठरवले, तर पशुआहारतज्ज्ञाकडून पाककृती लिहून घ्यावी. कोरडे खाणे मुख्य ठेवून वरकड गोष्टी एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवणे सोपे, आणि तुमच्या श्रावणालाही ते सोयीचे. तुमच्या बाबतीत दहा टक्के म्हणजे साधारण 95 किलोकॅलरी. तुपाची एक पोळी दिली की त्या संपल्या. आईंना सांगा की पोळीऐवजी बिनमिठाची उकडलेली फरसबी किंवा काकडी हातात घ्या. त्याला खाण्यापेक्षा आईंच्या हातून मिळण्याचे अप्रूप अधिक असते. कांदा-लसूण घातलेली भाजी किंवा रस्सा मात्र एक घासही नको.

दिवसाचे खाणे दोन वेळांत विभागून द्या आणि जेवणानंतर तासभर धावपळ टाळा; मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ बसण्याचा धोका असतो. नवे खाणे आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्या.

आणखी एक प्रतिसाद

वरील सविस्तर उत्तरात मुंबईपुरती भर घालतो. स्वस्त पडते म्हणून मोठी पिशवी पावसाळ्यात घेऊ नका. दमट हवेत उघड्या पिशवीला बुरशी धरते, स्निग्धांश खवट होतो आणि बुरशीची विषे यकृताला घातक असतात. मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही मनापासून आभार. 28 टक्क्यांची लहान पिशवी आणली आहे आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा बंड्याच्या नावे झाला आहे. एक शंका राहिली. सांध्यांसाठी ओमेगा-3 हवे म्हणतात, तर जवसाची पूड चालेल का? श्रावणाचा प्रश्न सुटेल.

प्रतिसाद

जवसातल्या ओमेगा-3चे ईपीए आणि डीएचए या माशांत मिळणाऱ्या ओमेगा-3 प्रकारांमध्ये रूपांतर कुत्र्याच्या शरीरात फारच थोडे होते, आणि सांध्यांना उपयोग त्या दोहोंचा. तारली किंवा बांगडा वाफवून, काटे पूर्ण काढून देता येतो. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत तो महाग मिळतो आणि श्रावणात तुमच्याकडे शिजणार नाही, म्हणून माशाच्या तेलाच्या कॅप्सूल बऱ्या. मात्रा पशुवैद्यांकडूनच ठरवून घ्या, कारण जास्त तेलाने जुलाब होतात आणि रक्त गोठण्यावरही परिणाम होऊ शकतो. त्याला वेदनाशामक औषध चालू असेल तर तेही त्यांना सांगा. तेलाच्या प्रत्येक ग्रॅममागे 9 किलोकॅलरी त्या 965 मध्येच धरा.