पांढरा पडलेला लॅकर थर वाचवता येतो

प्लास्टिकची मॉडेल्स रंगवणाऱ्यांनी पावसाळ्यात एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे छोटे साधन) बंदच ठेवावा, असा सल्ला या चर्चेत वर दिला आहे; लॅकर वार्निशपुरता, म्हणजे रंगावर मारायच्या थिनरवर आधारित संरक्षक लेपापुरता, तो मला मान्य आहे. पाण्यावर आधारित अॅक्रिलिक रंग मात्र दमट हवेत केवळ उशिरा वाळतात. लॅकरचा थिनर झपाट्याने उडतो, त्यामुळे पृष्ठभाग एकदम गार होऊन हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि थर दुधाळ दिसू लागतो.

असा थर खरवडून काढण्याची बहुधा गरज नसते, हा मुद्दा चर्चेत अजून आलेला नाही. गेल्या जुलैत ठाण्यातल्या माझ्या एका मित्राच्या नॅट या लढाऊ विमानाच्या १:७२ मापाच्या मॉडेलचे पंख असेच पांढरे पडले, तेव्हा आमच्या गटातले एक ज्येष्ठ काका स्वतःची रिटार्डरची (रंगाचे वाळणे मंदावणाऱ्या द्रवाची) बाटली घेऊन भर पावसात त्याच्याकडे गेले. थिनरमध्ये थोडा रिटार्डर मिसळून त्यांनी पंखांवर अगदी विरळ फवारा मारला आणि नंतरचा फवारा शेजारी बसून मित्राच्याच हातून मारून घेतला. रिटार्डरमुळे थर सावकाश वाळतो, अडकलेल्या ओलाव्याला निघून जायला वेळ मिळतो, आणि खालचा चंदेरी रंग खरोखरच पुन्हा स्वच्छ दिसू लागला. एवढी आपुलकीने केलेली मदत कोणत्याही छापील सूचनेपेक्षा मला मोलाची वाटते. फवारा जाड पडल्यास खालचा रंगही हलतो, म्हणून आधी रंगवलेल्या स्प्रूच्या (किटमधले भाग जोडून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीच्या) तुकड्यावर प्रयोग करून पाहावा.