मदत हवी आहे: पोर्टफोलिओत 'वाढ' दाखवायची म्हणजे काय लावायचं?

बालाघाटची:
तातडीचं आहे, सोमवारी दाखवायचाय. पाठटाचणं, फोटो, प्रमाणपत्रं, सगळं लावून १४० पानांची फाईल केली, स्पायरल बाइंडिंगही केलं. मॅडमनी परत दिली. म्हणायल्यात, "हा गठ्ठा झाला. तू शिक्षक म्हणून कशी घडलीस ते दिसंना." कुणाकडं नमुना असेल तर टाका. लवकर.

खडूफळा:
बीएड का डीएलएड? वर्ष कोणतं? अध्यापन पद्धती? आंतरवासिता (शाळेतला शिकवण्याचा सराव) झाली का? काहीच सांगितलं नाही, नमुना कशाचा द्यायचा?

बालाघाटची:
बीएड दुसरं वर्ष, गणित. आंतरवासिता केज तालुक्यातल्या जि.प. शाळेत, सहावीवर.

डिजिटल_गुरुजी:
ताई, कागद सोडा. गुगल साइट्सवर करा, पाठाचे व्हिडिओ चढवा आणि पहिल्या पानावर क्यूआर कोड लावा. मी तसंच केलं, परीक्षक खूश.

मांजराकाठ:
सर, कोड उघडायला रेंज तरी पाहिजे ना. आमच्या कॉलेजात परीक्षकांना व्हरांड्यात जाऊन मोबाईल धरावा लागला. कागदच बरा.

डिजिटल_गुरुजी:
मग पेनड्राइव्ह द्या. २० आठवड्यांची आंतरवासिता कागदात कशी मावणार?

भरती_अपडेट:
पोर्टफोलिओत वेळ घालवू नका. शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी २०० गुणांची असते, तिची तयारी करा. भरतीच्या पवित्र पोर्टलवर फाईल कुणी बघत नाही.

खडूफळा:
भाऊ, तिनं भरतीचं विचारलंच नाही. आणि खाजगी संस्थांच्या मुलाखत घेऊन भरायच्या जागांना शिकवणं बघतातच.

लातूरचे_निवृत्त_गुरुजी:
बाळ, सगळं सोड. फसलेला एक पाठ निवड. त्याचं मूळ टाचण लाल शेऱ्यासकट लाव. मग त्याच घटकाचं नंतरचं टाचण लाव. दोन्हींच्या मधे एक पान लिही: काय बदललं, आणि कुणामुळं बदलावं वाटलं. सोबत एकाच मुलाच्या वहीची आधीची आणि नंतरची पानं. दहा पानांत काम होतं. टाचणावर शेरे आहेत ना?

बालाघाटची:
नाहीत गुरुजी. मी सगळी टाचणं सुवाच्य अक्षरात नव्यानं लिहून काढली.

मांजराकाठ:
अगं, हे आधी सांगायचं! वाढ तिथंच पुसली गेली. जुनी कुठायत?

बालाघाटची:
सापडली, ट्रंकेत. सप्टेंबरचा अपूर्णांकांच्या बेरजेचा पाठ आहे. शेरा असा: "सगळं तुम्हीच बोललात. मुलं कधी बोलणार?" एका पोरानं वहीत १/२ + १/३ = २/५ केलं होतं. वर वर मिळवले, खाली खाली मिळवले. मी नुसती फुली मारून पुढं गेले. डिसेंबरात कागदी पट्ट्यांच्या घड्या घालून घेतल्या. एक पोरगी म्हणाली, "बाई, २/५ तर अर्ध्यापेक्षा कमी, मग मिळवलं काय?" तेव्हा मलाच लख्ख कळलं. पण तो पोरगा दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला गेला. त्याच्या वहीचं नंतरचं पान नाहीच.

लातूरचे_निवृत्त_गुरुजी:
त्याची २/५ वाली बेरीज तशीच लाव. खाली लिही, तो परतल्यावर कुठून सुरुवात करशील. दुसऱ्याचं पान त्याच्या नावावर खपवू नको. नंतरचं पान त्या मुलीचं घे, तिचं म्हणूनच.

डिजिटल_गुरुजी:
हे पटलं. पट्ट्यांच्या घड्यांचा एक फोटो तरी लावा.

मांजराकाठ:
फोटोत हात आणि पट्ट्याच घ्या, तोंडं नको. वहीवरची नावं झाका आणि मुख्याध्यापकांना विचारून घ्या.

खडूफळा:
ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह नव्हतं का त्या गावात? तो पोरगा थांबला असता.

बालाघाटची:
ते मुख्याध्यापकांना विचारते. आता एकच अडचण. जुन्या टाचणावर तारीखच नाही. पाठनिरीक्षण वहीतून घेतली तर चालंल का?

लातूरचे_निवृत्त_गुरुजी:
चालंल. तिथं निरीक्षकाची सही असते, त्या पानाची झेरॉक्सच जोड.