हैती गरीब का, त्याबद्दल थोडं अजून
कॅरिबियन समुद्रातल्या हैती या देशाबद्दल एकाने लिहिलंय की तिथले लोक दोनशे वर्षं स्वतंत्र आहेत पण त्यांना देश चालवताच आला नाही. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. हैती आधी फ्रान्सची वसाहत होती, १८०४ ला तिथल्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांनी नेपोलियनच्या फौजेला हरवून देश उभा केला हे सगळ्यांना माहितीये, पण पुढचं कोणी सांगत नाही. १८२५ ला फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्स राजाने लढाऊ जहाजं पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले, कशाचे तर मळेवाल्यांच्या गेलेल्या जमिनी आणि गुलामांचे, म्हणजे ज्यांनी चाबूक खाल्ले त्यांनीच मालकांना भरपाई द्यायची! पहिल्या हप्त्यालाच पैसे नव्हते, ते परत फ्रान्सच्याच बँकांकडून व्याजाने घ्यावे लागले. १८३८ ला रक्कम ९ कोटीवर आणली खरी, पण त्या कर्जाचं शेपूट १९४७ पर्यंत हललं. कॉफी विकून यायचं ते असं जायचं मग शाळा रस्ते कुठून होणार? त्यात १९१५ ते १९३४ अमेरिकेचा ताबा, नंतर डुव्हालिए बापलेकांची हुकूमशाही. घरचे राज्यकर्तेही वाईट होतेच, ते मी नाकारत नाही, पण नुसतं त्यांच्यावर ढकलू नका हो.

आणि एक सांगायचंच आहे. दर १ जानेवारीला, म्हणजे स्वातंत्र्यदिनाला, तिथे घरोघरी लाल भोपळ्याचं सूप करतात, सूप जुमू म्हणतात त्याला, भोपळा शिजवून घोटायचा आणि त्यात बीफ, कोबी, गाजर, बटाटा, मॅकरोनी सगळं घालून दाट करायचं. मळ्यावर गुलामांनी ते मालकासाठी रांधायचं पण स्वतः चाखायचं नाही अशी आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, म्हणून त्या दिवशी आधी तेच पितात, शेजाऱ्यांकडे पण डबा जातो.