वाढदिवसाचा केक आणि मावशींचा पगार
कंपन्यांचा सीएसआर निधी (सामाजिक कामांसाठी द्यायचा पैसा) मिळतो, मग निराधार मुलांच्या संस्थांना आपल्या पाचशे-हजाराची काय गरज, असं एकांनी विचारलंय. मी कोथरूडहून दर रविवारी अशा एका संस्थेत वाचन घ्यायला जाते, म्हणून सांगते.

सीएसआर म्हणजे मोठ्या कंपनीच्या मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के. हा पैसा बहुतेकदा ठरलेल्या प्रकल्पाला मिळतो आणि प्रकल्प संपला की थांबतो. रात्री तापानं फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसणाऱ्या मावशींचा पगार, विजेचं बिल, ससून रुग्णालयात न्यायची रिक्षा, हे सगळं कशात बसवायचं? ते चालतं दरमहा न चुकता येणाऱ्या छोट्या रकमांवर. (पावती जरूर घ्या. जुन्या करप्रणालीत देणगीवर आयकरात सवलत मिळते, पण २००० रुपयांवरच्या रोख देणगीला नाही.)

वेळेचंही तसंच. वाढदिवसाला केक घेऊन येणारे पुष्कळ, दुसऱ्यांदा येणारे फार थोडे. नऊ वर्षांची एक मुलगी सुरुवातीला माझ्याकडे पाठ करूनच बसायची. आठव्या-नवव्या रविवारी पोचले, तर सतरंजी अंथरून, मागच्या वेळचं पान उघडून ती माझी वाट बघत होती. मला भरून आलं.

तिचा फोटो मात्र मागू नका. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करायला मनाई आहे.

गणपतीनंतर आमचे दोघं जण बदलीमुळे येणार नाहीत. नववीचं गणित शिकवणारं कुणी असेल, तर नक्की कळवा.