रविवारचा सिंहगड आणि पंचाहत्तर लाडू

*मंगळवार, रात्री*

नीलेश (सी-५०२): मंडळी, रविवारच्या सिंहगडाची यादी आज बंद करतोय. ३६ जण झाले, त्यात १४ मुलं. पहाटे साडेपाचला गेटवर जमायचं, आतकरवाडीतून पायवाटेने चढायचं. वर पिठलं-भाकरी आणि दही आहेच, पण चढताना मुलांना मध्ये काहीतरी लागणार. हे एनर्जी बार मागवू का? प्रत्येकी दोन धरलेत. फोटो टाकलाय.

वैशाली (बी-३०४): नीलेश, पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो टाकतोस का?

नीलेश (सी-५०२): टाकला.

वैशाली (बी-३०४): घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. इथे ओट्सच्या पाठोपाठ ग्लुकोज सिरप आहे, मग साखर, आणि पुढे चित्रात सगळ्यात मोठे दिसणारे बदाम सातव्या नंबरवर. त्यापेक्षा आपण लाडू वळू. शनिवारी दुपारी क्लब हाउसमध्ये पाच-सहा जण बसलो तर अडीच तासांत होतील. पुढाकार मी घेते.

मनीषा (डी-१०४): मी येते. परात आणि मोठी कढई माझी.

सचिन (ए-४०१): वळायला मीही येतो. आईबरोबर दर दिवाळीला वळतो.

आदित्य (सी-२०१): ताई, एक शंका. मी हाफ मॅरेथॉनची तयारी करतोय, पळताना मला पटकन ताकद देणारं काहीतरी लागतं. तूप-नाचणीचा लाडू चढणीवर जड नाही का होणार?

वैशाली (बी-३०४): पळताना होईलच जड, तुझं म्हणणं बरोबर आहे. तूप आणि तीळ पचायला वेळ लागतो. म्हणून लाडू चढणीच्या मध्यावर द्यायचाच नाही. निघण्याआधी अर्धा-पाऊण तास एक, आणि वर पोचून दम खाल्ला की दुसरा. मध्ये केळं नाहीतर दोन खजूर, आणि मीठ घातलेलं लिंबू सरबत. घाम येतो तेव्हा पाण्याबरोबर मीठही जातं.

प्रमाण लिहिते, कुणी काय आणायचं ते उद्या ठरवू:

नाचणीचं पीठ अर्धा किलो, भाजून सोललेले शेंगदाणे अर्धा किलो, तीळ पाव किलो, जवस १०० ग्रॅम, गूळ ४०० ग्रॅम, बिनबियांचा खजूर पाव किलो, तूप २०० ग्रॅम, वेलची-जायफळ.

तीळ पॉलिशचे पांढरेशुभ्र आणू नका, सालासकट आणा. तिळातलं कॅल्शियम बहुतेक सालात असतं, पॉलिश केलं की तेच निघून जातं. जवस तडतडेपर्यंत भाजून त्याच दिवशी कुटायचं. अख्खं जवस चावलं गेलं नाही तर जसंच्या तसं बाहेर पडतं, आणि कुटून ठेवलं तर अख्ख्यापेक्षा लवकर खवट होतं.

रुपाली (डी-४०३): वैशाली, इशानला दाण्याची ॲलर्जी आहे, तुला माहीत आहेच. त्याचा डबा मी वेगळा देते. तुम्ही तुमचं चालू ठेवा, त्याच्यासाठी बदलू नका.

सचिन (ए-४०१): हो, त्याच्यासाठी दहा-बारा वेगळे करू या आपण.

वैशाली (बी-३०४): सचिन, वेगळे दहा-बारा केले तरी कढई तीच, परात तीच, हात तेच. आणि गडावर १४ मुलं एकमेकांच्या डब्यात हात घालणार. आठ वर्षांच्या मुलाने प्रत्येक वेळी "यात दाणे आहेत का" विचारायचं, असं मला नकोय. सगळेच लाडू बिनदाण्याचे करू. दाण्यांऐवजी पंढरपुरी डाळं अर्धा किलो. प्रथिनं त्यातही भरपूर. दाण्याचं तेल नसल्यामुळे मिश्रण कोरडं होईल, म्हणून तूप पाव किलो करू.

रुपाली, तुझा अनुभव विचारते. डाळं कुठून आणू?

रुपाली (डी-४०३): थँक यू वैशाली. सुटं अजिबात नको. दुकानात डाळं आणि दाणे शेजारी-शेजारी पोत्यात असतात आणि माप दोन्हीत एकच फिरतं. एकदा आम्ही त्यातच फसलो होतो, रात्री साडेअकराला इशानला घेऊन पळालो होतो. बंद पाकिटातलं आण आणि त्यावर शेंगदाण्याचा उल्लेख नाही ना, ते बघ. तीळ आणि जवसही तसंच. बाहेरच्या गिरणीतून पीठ नको.

वैशाली (बी-३०४): माझ्याकडे घरघंटी आहे, त्यात दाणे कधीच दळले नाहीत. अख्खी नाचणी आणून घरीच दळते.

रुपाली (डी-४०३): मिक्सरचं भांडं, कढई आणि परात माझ्याकडून घेऊन येते. मनीषाताई, राग मानू नका.

मनीषा (डी-१०४): अगं राग कसला. माझ्या कढईत कालच दाण्याची आमटी झाली आहे. तुझीच आण.

*बुधवार*

देशपांडे काका (ए-१०१): वैशाली, मी पण येतोय गडावर. गुळाचा आहे म्हणजे मला मधुमेहात एक-दोन चालतील ना? साखर तर नाहीच त्यात.

वैशाली (बी-३०४): काका, स्पष्ट सांगते. गूळ म्हणजे रक्ताच्या दृष्टीने साखरच. थोडी खनिजं असतात, पण त्यासाठी गूळ खावा एवढी नाहीत. खजूर तर निम्म्याहून जास्त साखरच असतो. कालच्या प्रमाणाचा मी हिशेब केला. मिश्रण सव्वादोन किलो होतं, ३० ग्रॅमचा एक वळला तर ७५ लाडू. एका लाडवात गूळ पाच ग्रॅमच्या थोडा वर, म्हणजे चहाचा एक चमचा, शिवाय तीन ग्रॅम खजूर. कॅलरी १३० च्या आसपास, प्रथिनं पावणेतीन ग्रॅम. चढणाऱ्या मुलाला हे चांगलं आहे. तुम्ही किती खायचा, खायचा का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

तुमच्यासाठी आणि ज्यांना गोड नको त्यांच्यासाठी मुरमुरे, डाळं, जवस, कढीपत्ता असा भाजका चिवडा करते. पण गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोज जरूर ठेवा. चढताना साखर एकदम उतरू शकते, तेव्हा मात्र गोडच लागतं.

देशपांडे काका (ए-१०१): बरं झालं विचारलं. मी गेले दोन हिवाळे डिंकाचे लाडू "गुळाचे आहेत" म्हणून रोज दोन खात होतो. उद्याच फोन करतो डॉक्टरांना.

मनीषा (डी-१०४): वैशाली, अस्मिताला मी रोज संध्याकाळी खजुराचा लाडू देते, रक्त वाढावं म्हणून. सोबत तिला अर्धा कप चहा लागतो. ते बरोबर आहे ना?

वैशाली (बी-३०४): मनीषाताई, हे मी जरा मोठं लिहिणार आहे, कारण हेच माझ्या घरात झालं.

मागच्या वर्षी शाळेच्या तपासणीत सईचं हिमोग्लोबिन ९.४ निघालं. तेरा वर्षांच्या मुलीला निदान १२ हवं. माझा विश्वासच बसेना. घरात पाकीट नाही, बिस्किट नाही, डब्यात रोज माझ्या हातचा खजूर-तीळ लाडू. मी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि जवळजवळ भांडलेच, की मशीन चुकलंय. त्यांनी शांतपणे एकच विचारलं, "लाडू कशाबरोबर खाते?" मी म्हटलं, शाळेतून आली की चहाबरोबर.

चहातली टॅनिनं धान्या-बियांमधलं लोह धरून ठेवतात, ते शरीरात फार कमी शोषलं जातं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही जेवणाच्या आधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळा असं सांगितलंय. शिवाय ज्या खजुरावर मी भिस्त ठेवली होती, त्यात लोह आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतं. तीळ, जवस, नाचणी, डाळं यांत बरं असतं, पण त्यांच्यातच लोह अडवणारं फायटेटही असतं. भिजवलं, मोड आणले की ते कमी होतं.

आणि 'सी' जीवनसत्त्व सोबत असेल तर हेच लोह कितीतरी चांगलं लागू पडतं. पेरू, आवळा, लिंबू. आता जानेवारीत मंडईत पेरूंचे ढीग लागलेत. तेव्हापासून आमच्याकडे लाडवाबरोबर पेरूची फोड असते आणि चहा तासाभराने.

पण सईचं रक्त लाडवाने वाढलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तीन महिने घेतल्या, तेव्हा ११.८ झालं. लाडू सोबतीला होता. अस्मिताची एकदा तपासणी करून घ्या. मी वर्षभर "घरचं आहे ना" म्हणून निर्धास्त होते, त्यात तिचे दहा महिने गेले. संध्याकाळी जिना चढून आली की दप्तर दारातच टाकून पायरीवर बसायची आणि मी म्हणायचे, आळस.

मनीषा (डी-१०४): उद्या सकाळीच नेते. आजपासून चहा बंद.

माईआजी (ए-२०२): आजी बोलते आहे, नातू लिहून देतो आहे. आमचं माहेर वेल्ह्याकडचं, डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. आम्ही नाचणी कधी नुसती दळली नाही. रात्रभर भिजवायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची, थंडी असेल तर दीड-दोन दिवस. बारीक पांढरे मोड आले की सावलीत वाळवायची, मग भाजून दळायची. त्या पिठाला आपोआप गोडी असते, गूळ कमी लागतो. बाळाला सत्त्व त्याचंच, उन्हाळ्यात आंबील त्याचीच. वैशाली, तुझं सगळं बरोबर आहे, फक्त नाचणीला दोन दिवस दे.

वैशाली (बी-३०४): आजी, अगदी खरं. मोड आणताना धान्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते, गोडी त्याचीच. पण शनिवारपर्यंत भिजवून, मोड आणून, वाळवून होणार नाही, थंडीत वाळत नाही लवकर. या वेळी साधीच घेते.

आदित्य (सी-२०१): नाचणीत दुधापेक्षा जास्त कॅल्शियम असतं म्हणतात, खरंय का?

वैशाली (बी-३०४): वजनाला वजन धरलं तर खरं आहे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम, तांदूळ-गहू त्याच्या आसपासही नाहीत. पण आपल्या लाडवात नाचणी सातच ग्रॅम, म्हणजे २३-२४ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला हजार लागतं. दूध-दही-भाकरी सोडून लाडवावर राहू नका.

*शनिवार, दुपारी*

वैशाली (बी-३०४): क्लब हाउस उघडलंय. हात धुऊन या, घरी दाणे खाल्ले असतील तर साबणाने.

सचिन (ए-४०१): पीठ कधी भाजून झालं ते कसं ओळखायचं? गव्हाचं लालसर होतं, हे आधीच तपकिरी आहे.

वैशाली (बी-३०४): रंगावर जाऊ नकोस. आधी उलथनं जड फिरतं, पीठ तळाशी बसतं. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटांनी हलकं होतं, कढईत वाळूसारखं सळसळतं आणि भाकरी भाजल्यासारखा वास खोलीभर येतो. तोवर उतरवू नकोस, कच्चं राहिलं तर टाळूला चिकटतं. आणि गूळ कढईत घालू नका. गॅस बंद, पीठ परातीत, बोट ठेवता येईल इतकं कोमट झालं की किसलेला गूळ. गरम कढईत घातला तर पाक होतो आणि उद्या लाडू फोडायला दगड लागेल.

नीलेश (सी-५०२): ७३ झाले. तराजूवर मोजून वळलेत, लिंबाएवढे. उरलेले दोन परातीतच खाऊन संपले.

*रविवार, दुपारी*

नीलेश (सी-५०२): सगळे सुखरूप खाली. मुलं दोन तासांत वर पोचली. देशपांडे काका सगळ्यांच्या आधी. डबा रिकामा आहे. आठ-दहा लाडू तळाशी फुटले होते, त्याचा चुरा मुलांनी दह्यात कालवून खाल्ला.

देशपांडे काका (ए-१०१): डॉक्टरांनी वर पोचल्यावर अर्धा खायची परवानगी दिली होती. अर्धाच खाल्ला. चिवडा मात्र उत्तम.

रुपाली (डी-४०३): इशानने तीन खाल्ले, सार्वजनिक डब्यातून, स्वतःच्या हाताने घेऊन. मला नंतर कळलं. मी तेव्हा मागे बुटाची नाडी बांधत होते.

वैशाली (बी-३०४): फुटले ते डाळ्यामुळे, ते तूप शोषून घेतं. पुढच्या वेळी तूप न वाढवता खजूर ३०० ग्रॅम घेऊन बारीक वाटू आणि गूळ ३५० वर आणू. मनीषाताई, अस्मिताचा रिपोर्ट?

मनीषा (डी-१०४): १०.१. गोळ्या सुरू केल्या. आजीला म्हणावं, मोडाची नाचणी मला शिकायची आहे.

माईआजी (ए-२०२): आज रात्री एक किलो भिजत घाल. सकाळी फडकं घेऊन माझ्याकडे ये, जुनं सुती असू दे, नवीन नको. बांधून देते.