बेससाठी घेतलेल्या इअरफोनमधून खर्जच येत नाही, शिवाय कान दुखतो : मदत हवी आहे

खाडीकाठ (रत्नागिरी) :
नवे इअरफोन घेऊन सहा दिवस झाले आणि परत करण्याची मुदत शुक्रवारी संपते, म्हणून उत्तर शक्यतो आजच हवे आहे. दमदार बेसच्या जाहिरातीला भुलून ते घेतले. प्रत्यक्षात आमच्या वाडीतल्या भजनाचे ध्वनिमुद्रण लावले, तर टाळ कानात टोचतात आणि पखवाजाची कणीक लावलेली डावी बाजू पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. अर्ध्या तासात कानही ठणकू लागतो. माल सदोष समजावा का?

सुरूचे_बन :
इअरफोन वायरचे की ब्लूटूथचे, फोन कोणता, इक्वलायझर (खर्ज आणि वरचे सूर कमीजास्त करणारी सोय) चालू आहे का आणि कोणता कान कुठे दुखतो, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

खाडीकाठ :
वायरचेच, हे वेगळे सांगायला हवे असे वाटले नव्हते. इक्वलायझर बंद आहे. रबरी टिपा, म्हणजे कानाच्या नळीत बसणारी टोके, लावून आल्या त्याच आहेत.

धक्क्यावरचा :
मग आधी टिपांकडेच पाहा. कानाची नळी नीट बंद झाली नाही, तर आतला हवेचा दाब फटीतून निसटतो आणि त्याचा फटका सर्वांत आधी खर्जाला बसतो. वरच्या सुरांचे फारसे बिघडत नाही. म्हणूनच तुमचे टाळ शाबूत आहेत आणि पखवाज हरवला आहे. भजन चालू ठेवून एकेक इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. खर्ज एकदम भरून आला, तर माल ठीक आहे, टिप लहान आहे. दोन्ही कानांची नळी सारख्याच मापाची असते असेही नाही.

तिन्हीसांज :
रबरी टिपांवर वेळ घालवू नका, सरळ फोमच्या घ्या. मी संगमेश्वरहून रत्नागिरीला रेल्वेने येते. उक्षी आणि भोके यांच्यामधल्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात पूर्वी आवाज वाढवावाच लागायचा, फोम लावल्यापासून लागत नाही.

धक्क्यावरचा :
ताई, फोम बाहेरचा गोंगाट अडवतो हे मान्य. परंतु आपल्याकडच्या दमट हवेत तो घामाने लवकर खराब होतो आणि पुन्हा पुन्हा विकत घ्यावा लागतो, तर रबरी टिप काढून धुता येते. शिवाय गाडीची घरघर मुळातच खर्जाची असल्यामुळे ती गाण्यातला खर्ज झाकून टाकते. इअरफोनची पारख रात्री घरात करावी, बोगद्यात नव्हे.

तिन्हीसांज :
ऐकायचे गाडीत आणि पारख घरात, हे मला पटत नाही.

माडाखाली :
मी तर म्हणतो, तेवढ्याच पैशांत छोटा स्पीकर घ्यावा. गणपतीतही उपयोगी पडतो.

सुरूचे_बन :
स्पीकरविषयी येथे कोणी विचारलेले नाही. खाडीकाठ, खर्ज मिळवण्यासाठी आवाज मात्र वाढवत नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सांगितलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास एवढी आहे. दुखते कुठे, हे अजूनही कळलेले नाही. नळीत ताण येत असेल तर टिप मोठी होते आहे. बाहेरच्या खोलगट भागात दुखत असेल तर कारण निराळे.

खाडीकाठ :
दाबून पाहिले. उजवीकडे पखवाज असा घुमला की मी दचकलोच. डावीकडे काहीच फरक पडला नाही. आता उजव्या कानात मोठी आणि डाव्यात मधली टिप लावली आहे, आणि टाळही बोचेनासे झाले. दुखणे मात्र डाव्या कानाचे आहे आणि ते बाहेरच्या खोलगट भागात, जिथे इअरफोनची कड टेकते.

सुरूचे_बन :
कडेचा त्रास टिपेने जाईलच असे नाही. वायर कानावरून मागे वळवून घ्या, म्हणजे इअरफोनचा कोन थोडा बदलेल, आणि सलग तासभर ऐका. तरीही दुखले, तर आवाज कितीही आवडला असला तरी शुक्रवारच्या आत परत करा.

खाडीकाठ :
चाळीस मिनिटांनी पुन्हा दुखू लागले. उद्या परत पाठवतो. पुढची जोडी लहान अंगाची पाहीन.

माडाखाली :
पैसे परत मिळतीलच, तर स्पीकरचा विचार व्हावा.