सल्ला हवा: होलोग्राफिक साठवणीला ऑप्टिकल एन्क्रिप्शन कोणतं द्यावं?

लहरी:
एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पात लोहमिश्रित लिथियम नायोबेटच्या स्फटिकात हिरव्या लेझरने डेटाची पानं (ठिपक्यांची चित्रं) होलोग्राम म्हणून लिहायची आहेत, तीही एन्क्रिप्ट करून. डबल रँडम फेज एन्कोडिंग (प्रकाशलहरीची फेज, म्हणजे कला, दोन यादृच्छिक मास्कनी विस्कटणं) पुरेल, की रेफरन्स बीमलाच (पानाच्या बीमशी मिळवून होलोग्राम लिहिणारा दुसरा बीम) फेज कोड द्यावा? जाणकारांनी सुचवावं.

काचभिंग:
डबल रँडम फेजपासूनच सुरुवात कर. रेफ्रेजिए आणि जाविदी यांनी 1995 मध्ये मांडलेली पद्धत आहे. एक फेज मास्क पानाला लागून, दुसरा दोन भिंगांच्या मधल्या फूरिये प्रतलात, म्हणजे जिथे पानाच्या वारंवारता वेगवेगळ्या पसरतात तिथे. बाहेर पडतो तो निव्वळ गोंगाट. त्याची फेज साध्या कॅमेऱ्याला टिपता येत नाही, होलोग्रामला येते, म्हणून साठवणीशी ही पद्धत इतकी छान जुळते. तुझी पानं काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची असतील, तर वाचताना कॅमेरा फक्त तीव्रता मोजतो आणि पहिला मास्क लागतच नाही. खरी किल्ली फूरिये प्रतलातला मास्क, तोच जपायचा.

वाचन फेज कॉन्जुगेट बीमने (आल्या वाटेने उलट जाणारा, उलट फेजचा बीम) कर. मग लिहितानाचाच मास्क जागच्या जागी चालतो, उलट फेजचा दुसरा बनवावा लागत नाही. उन्नीकृष्णन, जोसेफ आणि सिंग यांचा 1998 चा शोधनिबंध याच मांडणीवर आहे, तो आधी वाच.

गुप्तलिपी:
मांडणी सुंदरच आहे, पण एकट्या तिच्यावर भिस्त ठेवू नकोस. ती रेषीय आहे, म्हणून गणिताने उलगडायला सोपी. एखादं मूळ पान आणि त्याचं एन्क्रिप्टेड रूप हाती लागलं, तर फेज रिट्रीव्हलने (तीव्रतेवरून फेज काढायची गणिती पद्धत) मास्क शोधता येतो. म्हणून आधी एईएस (संगणकावरचं प्रमाणित एन्क्रिप्शन), त्यावर एरर करेक्शन (चुका दुरुस्त करणारे जादा बिट), मग पान. हा क्रम उलटा करू नकोस. होलोग्राफिक वाचनात बिट चुकणारच, आणि एईएसच्या सीबीसी पद्धतीत (प्रत्येक ब्लॉक आधीच्या ब्लॉकशी साखळीने जोडणारी) एक बिट चुकला तरी 16 बाइटचा अख्खा ब्लॉक हातचा जातो. चुका आधी दुरुस्त होऊन मगच डिक्रिप्शन व्हायला हवं.

लहरी:
धन्यवाद! फेज कोडचं काय?

गुप्तलिपी:
फेज कोड सहसा हॅडामार्ड संचातून (परस्परांत न मिसळणाऱ्या, म्हणजे ऑर्थोगोनल, कोडांचा संच) घेतात, पण 64 घटकांच्या संचात कोडही 64च. हल्लेखोराने एकेक लावून बघितले की संपलं. सगळ्या कोडांना एकच गुप्त रँडम फेज गुणून घे, ऑर्थोगोनॅलिटी तशीच राहते.

काचभिंग:
आणि वाचताना लेझरची पॉवर कमी ठेव. त्याच तरंगलांबीचा प्रकाश या स्फटिकातला होलोग्राम हळूहळू पुसतो. मास्कची जुळवणी वेगळ्या चाचणी-पानावर करून घे, खरं पान त्यानंतर.